वस्तीतील सुतारकामाची कार्यशाळा कशी घ्यावी

सोसायटीचे पार्किंग, शाळेचा व्हरांडा किंवा वाचनालयाचे सभागृह, यांपैकी कोणतीही जागा सुतारकामाच्या कार्यशाळेला चालते. मात्र तेथे भरपूर उजेड, खेळती हवा आणि सपाट, टणक जमीन असावी. नाशिकचा पावसाळा शक्यतो टाळावा. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत लाकूड फुगते, जुळवलेले सांधे पुढे उन्हाळ्यात सैल पडतात आणि गोंदही लवकर धरत नाही. दिवाळीनंतरचे रविवार सर्वांत सोयीचे.

लाकडाची निवड करताना सागवानाचा मोह आवरावा. जुन्या नाशकातील वाडे उतरवले की निघणाऱ्या सागाच्या चौकटी आणि तुळया भंगारात मिळतात, पण ते लाकूड मुरलेले असते, मुलांच्या हाताला दाद देत नाही आणि त्यात जुने खिळे दडलेले असतात. मोठ्यांसाठी ते वापरायचेच असेल, तर लोहचुंबक फिरवून खिळ्यांचा शोध घेतल्याशिवाय त्यावर करवत लावू नये. मुलांसाठी पाइन किंवा शिवण या झाडांचे लाकूड उत्तम. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत यंत्रांबरोबर येणाऱ्या खोक्यांचे आणि पॅलेटचे (माल ठेवायच्या लाकडी फळ्यांच्या चौकटीचे) पाइन लाकूड स्वस्त पडते, मात्र त्यावरचा शिक्का वाचून घ्यावा. ‘एचटी’ असे लिहिलेले लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेले असते व ते वापरता येते; ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले, ते घेऊच नये. एमडीएफ (लाकडाचा भुगा गोंदात दाबून केलेला तक्ता) स्वस्त आणि सपाट असला तरी त्याची बारीक धूळ आणि त्यातील फॉर्मल्डिहाइड हे घातक रसायन पाहता मुलांसमोर तो नसलेलाच बरा.

पहिल्या कार्यशाळेसाठी चिमणीचे घरटे ही वस्तू मला सर्वांत योग्य वाटते, कारण तिच्यात मोजणे, कापणे, भोक पाडणे आणि ठोकणे या चारही क्रिया येतात आणि सांधा दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) चुकला तरी चिमणीची तक्रार नसते. सहा इंच रुंद, सहा सूत जाड आणि साडेचार फूट लांब फळीत एक घरटे होते: पाठ बारा इंच, समोरची बाजू आणि दोन्ही कडा प्रत्येकी आठ इंच, तळ साडेचार इंच आणि छप्पर नऊ इंच. प्रवेशाचे भोक ३२ मिलिमीटर व्यासाचे आणि तळापासून किमान पाच इंच वर असावे. पुढे बसायला काडी लावू नये, आत रंग देऊ नये, तळाला पाणी झिरपण्यासाठी बारीक छिद्रे ठेवावीत. छप्पर खिळ्यांऐवजी स्क्रूने बसवले, तर विणीचा हंगाम संपल्यावर घरटे उघडून साफ करता येते. मोठे भोक आणि सहापैकी चार तुकडे आयोजकांनी आदल्या दिवशी तयार ठेवावेत. दोन तुकडे मुलाने स्वतः कापावेत. सगळेच कापायला दिले, तर दोन तासांत ठोकण्याची पाळी येत नाही, आणि काहीच कापायला दिले नाही तर कार्यशाळा केवळ खिळे मारण्यापुरती उरते.

अपघात बहुधा करवतीच्या धारेमुळे होत नाहीत, लाकूड हलल्यामुळे होतात. म्हणून प्रत्येक टेबलाला लाकूड घट्ट पकडणारा शिकंजा किंवा दोन सी-क्लॅम्प हवेतच, आणि टेबल मुलाच्या सरळ सोडलेल्या हाताच्या मनगटाइतक्या उंचीचे असावे. गुण्या (काटकोन मापायची पट्टी) लावून पेन्सिलीने रेघ मारावी आणि रेघेलगत एक जाड ठोकळा क्लॅम्पने आवळावा. नवशिक्याने करवतीला अंगठ्याने वाट दाखवण्याऐवजी ठोकळ्याने दाखवावी. पहिले दोन-तीन घाव करवत फक्त मागे ओढत घ्यावेत, खाच पडली की पात्याची पूर्ण लांबी वापरत, न दाबता चालवावी. मूल दात-ओठ खाऊन दाबू लागले की पाते अडकते. अशा वेळी ‘करवतीला तिच्या वजनावर जाऊ दे’ एवढेच सांगावे. शेवटच्या दोन सुतांत वेग कमी करून सुटणारा तुकडा दुसऱ्याने धरावा, नाहीतर कडेला फाटा उडतो. खिळा ठोकण्यापूर्वी हातगिरमिटाने बारीक भोक पाडावे किंवा खिळ्याचे टोक हातोडीने किंचित बोथट करावे, म्हणजे फळी चिरत नाही. बोटे वाचवण्यासाठी खिळा पुठ्ठ्याच्या पट्टीत खोचून धरता येतो.

आठ वर्षांखालील मुलांना काचपेपर आणि हातोडी पुरे. पटाशी (लाकूड तासायची धारदार छिन्नी) बारा वर्षांनंतरच द्यावी, तीही दोन्ही हात धारेच्या मागे ठेवण्याची सवय लागल्यावर. चार मुलांमागे एक जाणता माणूस असावा, पण तो त्याच मुलाचा पालक नसावा; आपल्या मुलाच्या हातातून करवत काढून घेण्याचा मोह बहुतेक आईबाबांना आवरत नाही. त्यांना दुसऱ्याच्या मुलाजवळ उभे केले की दोघांचेही काम नीट होते.

मोठ्यांसाठी वेगळे सत्र ठेवून त्यात पाट किंवा लहान चौरंग घ्यावा आणि पहिला अर्धा तास पटाशीला व रंध्याच्या (लाकूड गुळगुळीत करायच्या अवजाराच्या) पात्याला धार लावण्यातच घालवावा. पंचवटीत किंवा जुन्या नाशकात एखादे अनुभवी सुतारकाका भेटले, तर त्यांना आग्रहाने बोलवावे आणि त्यांच्या दिवसाच्या मजुरीपेक्षा कमी मानधन देऊ नये. नाशिकच्या जुन्या सरकारवाड्यातील लाकडी काम आधी एकदा सर्वांनी पाहून आले, तर कूस आणि साल यांचा सांधा, म्हणजे एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवणे, समजावणे सोपे जाते.

घासण्याचे काम उघड्यावर, मास्क लावून करावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला १९९५ मध्ये कर्करोगकारक ठरवले आहे, त्यामुळे झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसणे किंवा व्हॅक्यूम वापरणे योग्य. पाटाला जवसाचे तेल लावले असेल, तर भिजलेली फडकी बोळा करून कचऱ्यात टाकू नयेत. सुकताना ती तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. ती दोरीवर सुटी पसरून कडक वाळू द्यावीत किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात ठेवावीत.