अख्ख्या वर्गाने मिळून काढायचं एकच चारकोल चित्र

वर्गाने मिळून मोठं चित्र करायचं म्हटलं की फोटोचे चौकोन पाडायचे, एकेकाला एकेक वाटायचा आणि शेवटी सगळे चिकटवायचे, एवढंच बहुतेक ठिकाणी होतं. मग एक चौकोन काळाकुट्ट, शेजारचा फिकट, आणि चित्रातलं झाडाचं पान मध्येच तुटलेलं. खरं काम चौकोनांच्या कडांवर असतं. शिक्षकांनी सर्वांत जास्त वेळ तिथेच द्यावा.

आधी हंगामाचं. हे काम डिसेंबर-जानेवारीत घ्या. खान्देशात मार्च लागला की पंखा बंद ठेवता येत नाही आणि पंख्याखाली चारकोलची, म्हणजे चित्रकलेच्या कोळशाची, पूड वर्गभर होते. दम्याचा त्रास असलेल्या मुलांना मोजमाप आणि आखणी द्या.

विषय केळीच्या बागेचा घ्या. वाऱ्याने फाटलेली पानं, त्यांतून येणारं ऊन, बुंध्यांमधली दाट सावली; पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत सगळं एकाच फोटोत मिळतं. चाळीसगाव जवळ असेल तर आधी मुलांना छायाचित्रकार केकी मूस यांच्या कलादालनात न्या. उजेड कसा पाहायचा हे तिथले फोटो पाहून लवकर कळतं.

४८ मुलांचा हिशोब असा: २० बाय १५ सेंटिमीटरचा कृष्णधवल प्रिंट घ्या आणि त्यावर अडीच सेंटिमीटरचे चौकोन आखा. आडवे ८, उभे ६. कागदावर प्रत्येक चौकोन दहापट, म्हणजे २५ सेंटिमीटरचा. पूर्ण चित्र २ मीटर बाय दीड मीटर. २२ बाय ३० इंची कार्ट्रिज पेपरच्या (चित्रकलेच्या जाड कागदाच्या) एका शीटमधून सहा चौकोन निघतात, म्हणून आठ शीट पुरतात. कापल्याबरोबर प्रत्येकाच्या मागे क्रमांक आणि वरची बाजू दाखवणारा बाण काढून घ्या.

साधा काडीचा चारकोल सहज पुसला जातो. कॉम्प्रेस्ड, म्हणजे पूड दाबून केलेला, चारकोल गडद, पण हट्टी. म्हणून तो शेवटच्या तासापर्यंत कपाटातच ठेवा. काड्या घरीही होतात. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, सरळ, पेन्सिलीएवढ्या काड्या साल काढून वाळवा, झाकणाला बारीक भोक पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात ठासून भरा आणि मोठ्यांच्या देखरेखीत उघड्यावर विस्तवात ठेवा. भोकातून धूर यायचा थांबला की डबा बाहेर काढा. पूर्ण गार झाल्याशिवाय उघडू नका, नाहीतर हवा लागताच काड्या पेट घेतात.

चित्र सुरू करण्याआधी वर्गाने मिळून पाच छटांची एक पट्टी करावी, कोऱ्या कागदापासून काळ्यापर्यंत, आणि ती फळ्यावर लावावी. “इथे तीन नंबर” म्हटलं की सगळ्यांना एकच करडा रंग कळायला हवा.

आता कडा. दोन शेतांचा बांध सामाईक असतो, तशी ही कड. पानाची शीर कडेवर कुठे येते, हे दोन्ही शेजाऱ्यांनी मोजपट्टीने मोजून एकाच जागी खूण करायची. “तुनं पान मना चौकोनमा उनं!” (तुझं पान माझ्या चौकोनात आलं!) अशी अहिराणीत ओरड झाली की समजा, मुलं नीट बघू लागली.

काडी आडवी धरून आधी मोठ्या सावल्या भरा आणि जुन्या सुती कापडाने पसरवा. बोटाने नको, बोटाचा तेलकटपणा कागदावर बसतो. पूड फुंकू नका, कागद उभा करून झटका. पानांतल्या उन्हाच्या फटी काढू नका. मळता येणाऱ्या रबराला टोक करून तिथला चारकोल उचला.

मग चौकोन जाड पुठ्ठ्यावर क्रमाने दुहेरी टेपने लावा. चौघांनी चित्रापाशी बसायचं, बाकीच्यांनी दहा फुटांवरून डोळे किलकिले करून कुठली कड वेगळी दिसते ते सांगायचं. इथे एकाच्या चौकोनावर दुसऱ्याचा हात चालणारच, हे पहिल्याच दिवशी मुलांना सांगून ठेवा. आता कॉम्प्रेस्ड चारकोल बाहेर काढा आणि सर्वांत काळ्या जागा एकाच वेळी गडद करा.

फिक्सेटिव्ह, म्हणजे चारकोल कागदावर धरून ठेवणारा फवारा, सर्वांत शेवटी, कारण त्यानंतर रबर नीट चालत नाही. मोकळ्या हवेत, साधारण ३० सेंटिमीटरवरून, दोन पातळ हात द्या. पहिला वाळला की दुसरा. तरी घासलं तर चित्र थोडं निघतंच, म्हणून ते जिन्यात नको, मुलांचे खांदे लागणार नाहीत अशा उंचीवर टांगा.