सहकाऱ्याची चूक कशी सांगावी

काम चुकलं की आपण आधी माणसाला दोष देतो, 'बेफिकीर आहे' म्हणतो. परिस्थिती पाहायची राहून जाते. मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ मध्ये या सवयीला मूलभूत आरोपण-दोष असं नाव दिलं. म्हणून बोलण्याआधी तीन बाहेरची कारणं कागदावर लिहा: माहिती उशिरा आली का, दोन कामं एकदम पडली का, सूचना फक्त तोंडी होती का?

शक्यतो त्याच दिवशी, एकांतात, दहा मिनिटं बोला. चारचौघांत सांगितलं की माणूस ऐकत नाही, अब्रू सांभाळतो. सुरुवात घडलेल्या गोष्टीनं करा: 'सोमवारचा अहवाल बुधवारी आला, त्यामुळे बिलं अडकली.' 'तुम्ही नेहमीच उशीर करता' मधला 'नेहमीच' टाळा, वाद त्यावरच पेटतो. मग 'कुठे अडलं?' एवढंच विचारून गप्प बसा. ही शांतता फार जड जाते, पण खरं कारण बहुधा तिच्यानंतरच बाहेर येतं.

'यापुढे काळजी घेतो' यावर थांबू नका. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांच्या संशोधनात 'जर-तर' स्वरूपाचा बेत नुसत्या निश्चयापेक्षा जास्त पाळला जातो असं दिसलं: 'शुक्रवारी चारपर्यंत आकडे आले नाहीत, तर मी लगेच फोन करीन.' हे वाक्य सहकाऱ्यालाच बनवू द्या. दोन आठवड्यांनी पुन्हा विचारा, आणि सुधारणा दिसली तर नेमकी कोणती ते सांगा.