तमिळ येत नसताना जुने धीट तमिळ सिनेमे कसे बघावेत

भाषेची काळजी नको. मलाही बाजारापुरतंच तमिळ येतं, माटुंग्याची कृपा. फक्त सालवार यादी करून बसू नका. सुरुवातीच्या पौराणिकपटांतच दमाल.

थेट १९५४ चा ‘अंद नाळ’ लावा. गाणं नाही, नाच नाही. १९४३ साली जपानी विमानं मद्रासवर बॉम्ब टाकतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एका रेडिओ इंजिनियरचा खून होतो. शिवाजी गणेशन सुरुवातीलाच गोळी लागून कोसळतो. पुढे शेजारी, भाऊ, भावजय, बायको एकेक करून जबानी देतात; चेहरा तोच, पण दरवेळी माणूस वेगळा. कोण सांगतंय तिकडे लक्ष ठेवा. आणि आधी कथानक वाचू नका, लिहिणारे खुनी सांगून मोकळे होतात. दिग्दर्शक एस. बालचंदर म्हणजे नावाजलेले वीणावादक. आपल्या ‘प्रभात’च्या तमिळ ‘सीता कल्याणम्’मध्ये ते लहानपणी चमकले होते. के. बालचंदर वेगळे, त्यांची पाळी पुढे.

मग ‘पराशक्ती’, १९५२. संवाद करुणानिधींचे. कोर्टाचा प्रसंग दोनदा बघा. पहिल्यांदा सबटायटल बंद ठेवून नुसता ऐका, कारण अनुप्रासांचा तो मारा इंग्रजी ओळींत उतरतच नाही. दुसऱ्यांदा अर्थ लावा: देवळात बाईवर हात टाकणाऱ्या पुजाऱ्यावर नायकाने हल्ला केलाय आणि आता तो भर कोर्टात समाजालाच जाब विचारतोय.

सत्तरीत हा धीटपणा घरात शिरतो. के. बालचंदरांच्या ‘अरंगेट्रम’मध्ये (१९७३) गरीब, कर्मठ ब्राह्मण घरातली थोरली मुलगी भावंडांना जगवायला शरीर विकते. दिग्दर्शकाला प्रतीकांचा सोस फार, तेवढं सोसा.

शेवटी सी. रुद्रैयांचा ‘अवळ अप्पडित्तान’, १९७८. रंगीत सिनेमाच्या काळात मुद्दाम कृष्णधवल. कमल हासन बायकांवर माहितीपट काढतोय, पण समोरची मंजू, म्हणजे श्रीप्रिया, त्याला झेपत नाही. रजनीकांत जाहिरात कंपनीचा मालक, बायकांना तुच्छ लेखणारा. त्याची नेहमीची स्टाइल डोक्यातून काढूनच बसा. चित्रण काळोखं आहे, मोबाइलवर निम्मं दिसणार नाही. रात्री दिवे मालवून टीव्हीवर बघा, आणि मध्येच ‘ही अशी का वागते?’ विचारणारं कुणी शेजारी बसवू नका.