मायनर लीगमधला पोरगा वहीत कसा पकडायचा

मुलाकडे अमेरिकेत, न्यूजर्सीतल्या ब्रिजवॉटरला पहिल्यांदा आलो तेव्हा दुपार खायला उठायची. सून म्हणाली, "बाबा, स्टेशनाशेजारी बेसबॉलचं मैदान आहे, एकदा बघून तरी या." गेलो, तर फाटकाला कुलूप. सोमवार होता.

म्हणून पहिली सूचना: सोमवारी जाऊ नका. २०२१ पासून मायनर लीगमध्ये, म्हणजे मोठ्या बेसबॉल संघांच्या धाकट्या संघांच्या स्पर्धेत, पाहुणा संघ मंगळवारी येतो, रविवारपर्यंत त्याच मैदानावर सहा सामने खेळतो आणि सोमवार बहुतेक सुट्टीचा असतो. हा सहा सामन्यांचा मुक्काम पुढे फार उपयोगी पडणार आहे.

मी डोंबिवलीचा, बँकेतून निवृत्त. कांगा लीगमध्ये एका क्लबचा स्कोअरर होतो, भर पावसात छत्री मानेत धरून वही भरायचो. ती खोड इथे कामी आली. शिवाय आम्हा पाहुण्या आईबापांचा सहा महिन्यांचा मुक्काम आणि इथला एप्रिल ते सप्टेंबरचा मोसम एकाच मापाचे. एक पोरगा निवडायचा आणि मोसमभर सोडायचा नाही.

शिडी आधी समजून घ्या. प्रत्येक मोठ्या संघाचे चार पूर्ण मोसम खेळणारे धाकटे संघ असतात. न्यूयॉर्क यांकीजचं उदाहरण घ्या: खाली टॅम्पा (सिंगल ए), मग हडसन व्हॅली (हाय ए), मग आमचं, ब्रिजवॉटरच्या मैदानावरचं सॉमरसेट (डबल ए) आणि सर्वात वर स्क्रँटन (ट्रिपल ए). त्याहीखाली फ्लोरिडात आणि डोमिनिकन रिपब्लिकमध्ये अगदी कोवळ्या पोरांचे संघ. आपल्याकडे क्लबकडून जिल्हा, जिल्ह्याकडून राज्य असं होतं, तसंच. फरक एवढाच की इथे सगळ्या पायऱ्यांचा मालक एक. त्यामुळे सॉमरसेट जिंकलं की हरलं याची वरच्यांना फारशी फिकीर नसते. पोरगा घडतोय का, एवढंच ते बघतात. तुम्हीही तेच बघा, स्कोअरबोर्ड नातवाला बघू द्या.

निवड करताना मी पहिल्या वर्षी सपशेल फसलो. एक धिप्पाड बॅटर दर दोन दिवसांनी चेंडू कुंपणापार करायचा, म्हणजे होम रन. मी खूश. पण गडी सव्वीस वर्षांचा होता आणि डबल एमध्ये त्याचं ते तिसरं वर्ष. पुढच्या उन्हाळ्यात आलो तर संघात नावच नाही. तेव्हापासून वहीत नावापुढे आधी वय लिहितो. बाविशीच्या आतला पोरगा आपल्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठ्या पिचरांसमोर (चेंडू टाकणाऱ्यांसमोर) बेताचं खेळत असला, तरी तो सव्वीस वर्षांच्या हिरोपेक्षा मोलाचा.

आकडे वाचताना दुसरी गोष्ट पाहायची ती मैदान. कांगा लीगच्या चिखलातल्या तीस धावा कोरड्या विकेटवरच्या सत्तरांच्या तोडीच्या, हे मुंबईकराला सांगायला नको. इथे उलटं आहे. पश्चिमेकडे रेनो, आल्बुकर्की ही गावं उंचावर, हवा विरळ, चेंडू उडतच जातो. तिथला वीस होम रनचा आकडा बघून लगेच पेढे वाटू नका.

आता वहीचं काम. साधी रेघांची वही चालते. क्षेत्ररक्षकांना क्रमांक असतात: पिचर १, कॅचर (आपला यष्टिरक्षक) २, पहिल्या बेसवरचा, म्हणजे धावताना गाठायच्या पहिल्या थांब्यावरचा ३, दुसऱ्यावरचा ४, तिसऱ्यावरचा ५, दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधला शॉर्टस्टॉप ६, मग बाहेरचे तिघे डावीकडून ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने उचललेला चेंडू दुसऱ्या बेसवरून पहिल्याकडे गेला आणि दोघे बाद, तर ६-४-३. बॅट फिरवून स्ट्राइकआऊट (तीन स्ट्राइक होऊन बाद) झाला तर इंग्रजी 'के', नुसता बघत राहून बाद झाला तर तोच 'के' आरशातल्यासारखा उलटा.

एवढं सगळेच करतात. माझी भर एका गोळ्याची. स्ट्राइकच्या चौकटीबाहेरच्या (बॅटरसमोरच्या कल्पित चौकटीबाहेरच्या) चेंडूवर पोराने बॅट फिरवली की मी समासात एक गोळा काढतो. हे नीट दिसायला होम प्लेटच्या (बॅटर उभा राहतो त्या जागेच्या) मागे, जाळीआड बसावं लागतं. बाजूला बसलात तर चेंडू उंच की खाली तेवढं कळतं, आत की बाहेर ते कळत नाही.

एका वर्षीचा माझा पोरगा उजव्या हाताचा बॅटर होता. मंगळवारी एका पिचरने त्याला दोन स्लायडर टाकले. चेंडू चौकटीत येतोय असं वाटतं आणि शेवटच्या क्षणी बाहेर, खाली सटकतो. दोन्ही वेळा बॅट फिरली, दोन गोळे, तिसऱ्यालाही तेच, 'के'. बिचारा डगआऊटपर्यंत (संघ बसतो त्या कट्ट्यापर्यंत) बॅटकडे बघत गेला, जणू तिचीच चूक. रविवारी तोच पिचर पुन्हा आला. पहिला स्लायडर, पोराचा पुढचा पाय उचलला गेला, मनगटं हलली आणि थांबली. बॉल, म्हणजे चौकटीबाहेरचा, सोडून दिलेला चेंडू. दुसरा, थांबला. मग पिचरला नाइलाजाने सरळ वेगवान चेंडू टाकावा लागला आणि तो ७ आणि ८ च्या मधून कुंपणाला लागला. सहा सामन्यांचा मुक्काम उपयोगी म्हटलं तो यासाठी. मंगळवारी फसलेला पोरगा रविवारी काय करतो, ते पानाच्या तळाशी तारखेसकट लिहून ठेवा. होम रन मोजायला वेबसाइट आहे.

घाईने निकाल देऊ नका. इथल्याच वॉचंगचा अँथनी व्होल्पे २०१९ मध्ये ड्राफ्टच्या (नव्या पोरांच्या वार्षिक निवडीच्या) पहिल्या फेरीत तिसाव्या क्रमांकावर यांकीजकडे गेला. पहिल्या वर्षी पुलास्कीला, तेव्हाच्या एका खालच्या पायरीवर, ३४ सामने, सरासरी .२१५, म्हणजे हजार वेळा बॅटिंगमागे २१५ हिट. २०२० चा मोसम कोविडने खाल्ला. २०२१ मध्ये दोन पायऱ्यांवर मिळून २७ होम रन. २०२२ ला आमच्याकडे आला तो एप्रिलमध्ये चाचपडत होता, आणि सॉमरसेट सोडताना त्याच्या नावावर ११० सामन्यांत १८ होम रन आणि ४४ चोरलेले (हिटची वाट न बघता पळून गाठलेले) बेस होते. मग स्क्रँटनला फक्त २२ सामने, आणि २०२३ च्या पहिल्याच दिवशी थेट न्यूयॉर्कचा शॉर्टस्टॉप. वर पोचल्यावरही पहिल्या वर्षी सरासरी .२०९ च. यांकीजच्याच आरोन जजचं तर २०१६ मध्ये हसू झालं होतं, ८४ वेळा बॅटिंगमध्ये ४२ स्ट्राइकआऊट. पुढच्या वर्षी त्याने ५२ होम रन मारले.

पिचर निवडलात तर मात्र काळीज घट्ट हवं. कोपराच्या शस्त्रक्रियेत वर्ष-सव्वा वर्ष सहज जातं, आणि वहीत तेवढी पानं कोरी राहतात. मी बॅटरच घेतो.

कागदोपत्री भानगडी थोडक्यात. मोठ्या संघाच्या चाळीस जणांच्या यादीत नाव आलं की पोरगा त्या संघासाठी राखून ठेवला गेला. वयाच्या अठराव्या वर्षी किंवा त्याआधी करार केलेल्याला पाच मोसमांनंतरही त्या यादीत घेतलं नाही, तर डिसेंबरमध्ये दुसरा संघ उचलून नेऊ शकतो. पगार? २०२३ च्या करारानुसार त्या वर्षी डबल एमध्ये वर्षाला किमान ३०,२५० डॉलर होता. न्यूजर्सीत भाडं किती, हे माझ्या मुलाला विचारा. राहायची सोय संघ करतो म्हणून निभतं. त्यामुळे सामन्यापूर्वी कुंपणापाशी सह्या देताना पोरगा तुटक बोलला तर मनावर घेऊ नका.

जाताना स्वेटर न्या, एप्रिलमधल्या रात्री वैरी असतात. जेवण मी बालाजी मंदिराच्या कँटीनमध्ये उरकतो. मैदानावरचा हॉट डॉग खाऊ नये म्हणून आमच्या हिने शपथ घातलेली आहे.

आणि एक खूण. सामन्याच्या मध्येच, काही दुखापत नसताना पोराला बाहेर काढतात. तो डगआऊटच्या पायऱ्या उतरतो आणि सगळे उठून त्याला मिठ्या मारू लागतात. म्हणजे बढती झाली, नाहीतर दुसऱ्या संघाशी अदलाबदल. शेजारी बसलेले काका फोन काढून बातमी शोधतात. मी पानावर आडवी रेघ मारतो, तारीख टाकतो, आणि मुलाला विचारतो की येत्या शनिवारी गाडी मोकळी आहे का. स्क्रँटन दोनेक तासांवर आहे.