अनलिमिटेड प्लॅन विकण्याआधी हे करा
इंटरनेट कनेक्शनचा धंदा टाकताय तर आधी एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीचं प्रकरण समजून घ्या. डिसेंबर १९९६ मध्ये अमेरिकेत त्यांनी महिन्याला १९.९५ डॉलरमध्ये अनलिमिटेड दिलं, मग लोक लाइन सोडेचनात आणि बाकीच्यांना नुसता एंगेज टोन, शेवटी जानेवारी १९९७ मध्ये राज्यांच्या ॲटर्नी जनरलांनी (सरकारच्या मुख्य वकिलांनी) धरल्यावर रिफंड कबूल करावे लागले. तेव्हा डायलअपवाले, म्हणजे फोन लाइनवरून इंटरनेट देणारे, साधारण १० गिऱ्हाइकांमागे १ मोडेम (एका वेळी एकाचाच कॉल जोडणारं यंत्र) धरायचे, पण तासाप्रमाणे बिल लावणं गेलं की ते गणित कोसळणारच ना! म्हणून रात्रीचा सगळ्यात जास्त लोड मोजा, मगच जाहिरात करा. लाइन कमी पडतेय? नवीन कनेक्शन थांबवा, जुन्यांना मागायच्या आधीच पैसे परत द्या, आणि कनेक्शन बंद करायला फोन केलेल्याला ताटकळत ठेवू नका, ते मला सगळ्यात वाईट वाटतं.