पाल्याला घेऊन छोटे लिबरल आर्ट्स महाविद्यालय पाहायला जाताना

महाविद्यालय पाहायला जाण्याचा दिवस ठरवतानाच बहुतेक घरांची पहिली चूक होते. बारावीचा निकाल लागला की मे-जूनच्या धामधुमीत पालक पाल्याला घेऊन निघतात आणि तेव्हा त्यांना जे दिसते ते महाविद्यालय नसून प्रवेशाच्या खिडकीपुढची रांग असते. तास बंद असतात, प्राध्यापक प्रवेश समितीच्या कामाला जुंपलेले असतात, ग्रंथालयात शुकशुकाट असतो आणि फाटकावरच्या फ्लेक्सवर गुणवंतांचे हसरे चेहरे तेवढे असतात. म्हणून शक्यतो पाल्य अकरावीत असतानाच, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये किंवा जानेवारीत, सत्र रंगात आलेले असताना एखादा साधा कामाचा दिवस निवडावा. पाल्य बारावीत असेल तर दिवाळीपूर्वीच हे काम उरकावे, कारण त्यानंतर सराव परीक्षा, प्रात्यक्षिके आणि बोर्डाची परीक्षा यांतून त्याला डोके वर काढायला फुरसत मिळत नाही. गणेशोत्सव, स्नेहसंमेलनाचा आठवडा आणि विद्यापीठाच्या सत्र परीक्षांचे दिवस टाळावेत. मंगळवार किंवा बुधवार सर्वांत बरा. त्या दिवशी कोणीही कोणासाठी सजून बसलेले नसते.

'लिबरल आर्ट्स' हा शब्द आपल्याकडे अजून पुरता रुळलेला नाही. नाशिकमध्ये नातेवाइकांपुढे तो उच्चारला की निम्मे लोक चित्रकलेचे महाविद्यालय समजतात आणि उरलेले 'म्हणजे आर्ट्सच ना?' असे म्हणून सुस्कारा टाकतात. प्रत्यक्षात या शिक्षणात इतिहास, साहित्य आणि तत्त्वज्ञान यांच्या पंगतीला गणित, अर्थशास्त्र आणि जीवशास्त्रही बसते. विद्यार्थी सुरुवातीला अनेक विषयांची ओळख करून घेतो आणि मग एकात खोलवर उतरतो. अमेरिकेतील विल्यम्स (स्थापना १७९३) किंवा ॲमहर्स्ट (स्थापना १८२१) ही या परंपरेतील नावाजलेली महाविद्यालये. मुख्यतः पदवीचेच शिक्षण, विद्यार्थिसंख्या दोन हजारांच्या आसपास आणि बहुतेक विद्यार्थी आवारातच राहणारे. आपल्याकडे पुण्यात सिम्बायोसिसची लिबरल आर्ट्सची संस्था २०११ साली सुरू झाली, हरियाणात सोनीपतला अशोका विद्यापीठ २०१४ साली उभे राहिले आणि लवळ्याच्या फ्लेमला २०१५ साली विद्यापीठाचा दर्जा मिळाला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आल्यापासून मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), क्रेडिट (अभ्यासाचा भार मोजण्याचे एकक) आणि चार वर्षांची ऑनर्स पदवी हे शब्द आपल्या साध्या कला महाविद्यालयांतही ऐकू येऊ लागले आहेत, त्यामुळे पुढे जे लिहिले आहे ते तालुक्याच्या गावातील एखाद्या छोट्या महाविद्यालयालाही बहुतांशी लागू पडावे.

लहान म्हणजे काय हे कळण्यासाठी आधी मोठे पाहून घ्यावे, आणि त्यासाठी नाशिककरांना गाव सोडावे लागत नाही. कॉलेज रोडवरचे एचपीटी कला आणि आरवायके विज्ञान महाविद्यालय १९२४ सालचे, कुसुमाग्रज तेथेच शिकले. गंगापूर रोडवरचे केटीएचएमही हजारो विद्यार्थ्यांचे. यांपैकी एका ठिकाणी परवानगी काढून पाल्याने अर्धा दिवस घालवावा. शंभराच्या वर्गात मागच्या बाकावर बसल्यावर काय ऐकू येते, ओळखीचे कोणी नसताना दोन तासांच्या मधली वेळ कशी जाते, हे त्याने अनुभवलेले असले म्हणजे वीस जणांच्या वर्गात बसल्यावर फरक त्याचा त्याला कळतो. कोणाला तो फरक आवडतो, कोणाला गुदमरल्यासारखे होते. काही मुलांना गर्दीत हरवून जाणेच मानवते, हे पालकांनीही आधीच मान्य केलेले बरे.

जाण्यापूर्वी एक संध्याकाळ कागदपत्रांसाठी राखून ठेवावी. माहितीपत्रकावर फारसा वेळ घालवू नये, कारण त्यात झाडे आणि इमारती असतात. त्याऐवजी महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर नॅकसाठी तयार केलेला स्वयंमूल्यमापन अहवाल शोधावा. १९९४ साली स्थापन झालेली नॅक ही बंगळुरूची संस्था महाविद्यालयांचे मूल्यांकन करते आणि आतापर्यंतच्या अहवालांतील सात निकषांपैकी दुसरा अध्यापनाचा, तर चौथा ग्रंथालय आणि भौतिक सुविधांचा आहे. लोक 'ए प्लस' आहे का तेवढे पाहून अहवाल मिटतात. खरे तर श्रेणीपेक्षा पूर्णवेळ शिक्षक किती, मंजूर पदांपैकी भरलेली किती आणि पुस्तकांवर वर्षाला खर्च किती, हे आकडे अधिक बोलके असतात. दुसरी गोष्ट म्हणजे अभ्यासक्रम कोण ठरवते हे पाहून ठेवावे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालय विद्यापीठाचाच अभ्यासक्रम शिकवते, स्वायत्त महाविद्यालय स्वतःचा अभ्यासक्रम आखू शकते पण पदवी विद्यापीठाची देते, आणि खासगी विद्यापीठात दोन्ही त्यांचेच असते. छोट्या जागेच्या मोकळेपणाविषयी जी आश्वासने दिली जातात, त्यांची मर्यादा येथेच ठरलेली असते.

भेटीची वेळ आधी मागून घ्यावी. खासगी विद्यापीठांत त्यासाठी प्रवेश विभाग असतो आणि नोंदणी संकेतस्थळावरच होते. इतर ठिकाणी कार्यालयात फोन करून विभागप्रमुखांशी जोडून द्यायला सांगावे. हा फोन पाल्याने करावा. 'नमस्कार सर, मी नाशिकहून बोलतेय, पुढच्या वर्षी आपल्याकडे प्रवेश घेण्याचा विचार आहे, एखाद्या तासाला बसून पाहता येईल का?' एवढे वाक्य पुरते. सोबत मोठे माणूस एकच असावे. आई, बाबा, काका आणि शेजारचे नुकतेच इंजिनिअर झालेले दादा अशी वरात घेऊन गेल्यास विभागप्रमुख काकांशी बोलत राहतात आणि मूल खुर्चीच्या कडेवर बसून राहते. पुण्याला जायचे असल्यास नाशिकपासून अंतर साधारण दोनशे दहा किलोमीटर आहे आणि सिन्नर, संगमनेर, चाकण करत जाताना चाकणजवळ वाहतुकीचा नेम नसतो. दहाच्या भेटीसाठी पहाटे निघून धापा टाकत पोहोचण्यापेक्षा आदल्या रात्री मुक्कामाला गेलेले चांगले.

प्रत्यक्ष भेटीत आवार दाखवण्याचा भाग अर्ध्या तासात उरकतो आणि तो उरकू द्यावा. सभागृह, संगणक कक्ष आणि व्यायामशाळा सगळीकडे सारखीच दिसते.

खरा वेळ द्यायचा तो तासाला आणि शिक्षकांना. पाल्याने एका तरी तासाला बसावे, पालकाने मात्र बाहेर थांबावे. शिक्षक नोट्स उतरवून देत आहेत की बोलत आहेत, बोलत असतील तर मुले मध्येच काही विचारतात का, आणि विचारल्यावर उत्तर मिळते की 'ते परीक्षेला नाही' असे ऐकावे लागते, हे पाल्याने टिपून ठेवावे. शिक्षक मुलांना नावाने हाक मारतात का, हीदेखील लहानशी पण पक्की खूण आहे. साठ जणांच्या संपूर्ण विभागात दुसऱ्या वर्षाच्या मुलीचे नाव शिक्षकांना ठाऊक नसेल, तर त्या महाविद्यालयाच्या लहानपणाचा उपयोग कोणाला होतो, असा प्रश्न पडतो.

छोट्या महाविद्यालयात एक विषय म्हणजे दोन किंवा तीन माणसे असतात. त्यांतले एक निवृत्त झाले आणि पद भरले गेले नाही, की तो विषय तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर चालतो. हे शिक्षक बरेचदा उत्तम शिकवतात. परंतु तासाप्रमाणे मानधन असल्यामुळे त्यांना एका महाविद्यालयातून दुसऱ्याकडे धावावे लागते आणि तास संपल्यावर मुलांबरोबर बसायला ते थांबू शकत नाहीत. दोष त्यांचा नसतो, पण छोट्या महाविद्यालयाचे मोल ज्या तासानंतरच्या गप्पांत असते, त्या मात्र हरवतात. म्हणून विभागप्रमुखांना सभ्यपणे आणि स्पष्टपणे विचारावे की विभागात कायम शिक्षक किती आहेत, तिसऱ्या वर्षाला कोण शिकवते, पुढील तीन वर्षांत कोणी निवृत्त होणार आहे का, आणि हा विषय मेजर म्हणून चालवण्यासाठी किमान किती विद्यार्थी लागतात. शेवटचा प्रश्न विसरू नये. माझ्या भाचीबरोबर मी एका महाविद्यालयात गेले होते, तेथे माहितीपत्रकात मानसशास्त्र तिसऱ्या वर्षापर्यंत असल्याचे ठळक अक्षरांत छापले होते आणि कार्यालयातही तसेच सांगण्यात आले. कँटीनमध्ये भाचीने तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीला सहज विचारले, तेव्हा ती म्हणाली, 'अगं, आम्ही सातच जणी होतो, म्हणून वर्गच काढला नाही. मी आता मराठी घेतलंय.' छापलेले खोटे नव्हते. फक्त ते अपुरे होते.

कँटीनचे महत्त्व यावरून लक्षात यावे. तेथे पाल्याने एकट्याने जावे, चहा घ्यावा आणि आवार दाखवायला नेमलेल्या विद्यार्थ्यांव्यतिरिक्त दुसऱ्या कोणाशी तरी बोलावे. 'कॉलेज कसं आहे?' या प्रश्नाला 'छान आहे' हेच उत्तर येते. त्याऐवजी गेल्या आठवड्यात काय वाचायला सांगितले होते, शेवटचा निबंध कोणत्या विषयावर लिहिला आणि तो तपासून किती दिवसांनी परत मिळाला, दुपारी दोननंतर आवारात कोण असते, असे विचारावे. दुपारी दोननंतर कोणीच नसते, हे उत्तर अनेक ठिकाणी मिळेल, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. पुष्कळ मुले दुपारी कामाला जातात, काही जण विद्यापीठाच्या 'कमवा व शिका' योजनेत असतात. परंतु पाल्याला निवासी वातावरण हवे असल्यास हे उत्तर निर्णायक ठरते.

ग्रंथालयात पुस्तके कपाटातून स्वतः काढता येतात की चिठ्ठी देऊन खिडकीवर मागावी लागतात, हे आधी पाहावे. मग पाल्याच्या आवडीच्या विषयाची तीन-चार पुस्तके मागून घेऊन त्यांच्या शेवटच्या पानावरच्या तारखा वाचाव्यात. ज्या पुस्तकावर शेवटचा शिक्का कित्येक वर्षांपूर्वीचा आहे, ते आहे आणि नाही, दोन्ही सारखेच. देवाणघेवाण संगणकावर होत असेल तर ग्रंथपालांना विचारल्यास ते आनंदाने सांगतात. ग्रंथपालांना कोणी काही विचारत नाही, त्यामुळे ते मनमोकळे बोलतात, असा माझा अनुभव आहे.

पालकांनी गप्प बसावे, हा सल्ला मी ठेच लागल्यावर देते आहे. पहिल्याच भेटीत विभागप्रमुखांशी मी पाऊण तास बोलले, त्यात माझ्या स्वतःच्या महाविद्यालयीन दिवसांच्या आठवणीही आल्या, आणि परत येताना गाडीत भाची शांतपणे म्हणाली, 'मावशी, ॲडमिशन तुझं आहे का?' त्यानंतर आम्ही कामे वाटून घेतली. शिकण्याविषयीचे प्रश्न तिचे. फी, वसतिगृह आणि सुरक्षितता यांविषयीचे माझे, आणि तेही कार्यालयात, तिच्या शिक्षकांसमोर नव्हे.

फीबाबत फार लिहिण्यासारखे नाही, फक्त आकडे एका कागदावर शेजारी मांडावेत. अनुदानित महाविद्यालयात बीएची वर्षाची फी हजारांत असते, तर खासगी लिबरल आर्ट्स विद्यापीठात ती लाखांत जाते आणि राहण्या-जेवणाचा खर्च वेगळा असतो. शिष्यवृत्ती मिळणार असेल तर ती पहिल्या वर्षापुरती आहे की चारही वर्षे, आणि टिकवण्यासाठी किती गुण लागतात, हे लेखी मागावे. वसतिगृहाची खोली दाखवतात ती बहुधा नव्या मजल्यावरची असते. जुन्या मजल्यावरची पाहायला मागावी आणि जमल्यास मेसमध्ये एक वेळ जेवावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २००९च्या नियमांनुसार असलेल्या रॅगिंगविरोधी समितीच्या सदस्यांची नावे दर्शनी भागात लावली आहेत का, हेही जाता जाता पाहावे.

परदेशातील महाविद्यालयाचा विचार असेल तर केवळ पाहण्यासाठी विमानाचे तिकीट काढणे फार थोड्या घरांना परवडते. अशा वेळी त्या महाविद्यालयाचा 'कॉमन डेटा सेट' शोधावा. अमेरिकेतील अनेक महाविद्यालये दरवर्षी तो प्रसिद्ध करतात आणि त्यात वीसपेक्षा कमी विद्यार्थ्यांचे वर्ग किती, शिक्षकामागे विद्यार्थी किती आणि परदेशी विद्यार्थ्यांना किती आर्थिक साहाय्य मिळाले, हे सारे एका साच्यात दिलेले असते. ऑनलाइन माहिती सत्राला बसल्यावर तेथे शिकणाऱ्या आपल्याकडील एखाद्या विद्यार्थ्याशी बोलणे करून द्यावे, अशी विनंती पाल्याने करावी. ती बहुधा मान्य होते.

परतीच्या वाटेवर लगेच 'मग, काय ठरलं?' असे विचारू नये. संगमनेरला चहाला थांबेपर्यंत तरी विषय काढू नये. मूल आपणहून बोलू लागते, आणि ते पहिल्यांदा इमारतीविषयी बोलते की एखाद्या माणसाविषयी, हे लक्षपूर्वक ऐकावे. त्याच रात्री पाल्याने वहीत एक पानभर लिहून ठेवावे, कारण तीन महाविद्यालये पाहिल्यावर कोणते कँटीन कोठले होते हे आठवत नाही. दोन दिवसांत ज्यांनी वेळ दिला त्या शिक्षकांना पाल्याने स्वतः आभाराचे चार ओळींचे ईमेल लिहावे आणि त्यात तासातल्या एखाद्या मुद्द्यावर मनापासून पडलेला एक प्रश्न विचारावा. उत्तर आले का, किती दिवसांनी आले आणि कोणी लिहिले, हेही त्याच पानाच्या तळाशी नोंदवून ठेवावे.