बोली लावण्याआधी

वापरलेली लेन्स किंवा जुना कॅमेरा ऑनलाइन लिलावातून घ्यायचा म्हटलं की लोक आधी फसवणुकीचे किस्से सांगतात. माझा अनुभव उलटा आहे. बहुतेक विक्रेते सरळ निघाले, काहींनी तर हूड आणि मॅन्युअल न मागता पार्सलमध्ये घातलं. पण हे सुख आयतं मिळत नाही, बोलीच्या आधी थोडा अभ्यास लागतो.

सगळ्यात आधी माउंट, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याच्या बॉडीला जोडणारी खाच, बघा. निकॉनचा एफ माउंट 1959 पासून चालत आलाय, पण म्हणून कुठलीही लेन्स कुठल्याही बॉडीवर बिनधास्त चढवू नका. 1977 च्या आधीच्या, ‘एआय’ (निकॉनची नंतरची जोडणीची पद्धत) नसलेल्या लेन्सनं नंतरच्या काही बॉडींचं नुकसान होऊ शकतं. कॅननच्या जुन्या एफडी माउंटच्या लेन्स 1987 नंतरच्या ईओएस मालिकेतल्या बॉडीवर थेट बसतच नाहीत. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेले डिजिटल कॅमेरे वापरणाऱ्यांची मात्र चैन आहे: सोनी ई माउंटपासून सेन्सर फक्त 18 मिमीवर, निकॉन एफमध्ये तेच अंतर 46.5 मिमी, त्यामुळे मधल्या जागेत दोन माउंट जोडणारा अडॅप्टर आरामात मावतो.

मग भाव. चालू लिलावांतले आकडे बघण्यात अर्थ नाही, विकल्या गेलेल्या वस्तूंची यादी काढा.

वर्णन मात्र दोनदा वाचा. ‘तपासलेलं नाही’ असं लिहिलं असेल तर वस्तू बंद आहे असं धरूनच किंमत ठरवा. काचेतून प्रकाश आरपार जातानाचा फोटो नसेल तर मागून घ्या आणि बुरशी, आतला धूसरपणा, अ‍ॅपर्चरच्या (प्रकाश कमीजास्त करणाऱ्या छिद्राच्या) पात्यांवरचं तेल याबद्दल सरळ विचारा. उत्तर कसं येतं त्यावरून माणूस कळतो. आतल्या धुळीच्या चारदोन कणांनी फोटोत काही फरक पडत नाही, तिथे नाक मुरडू नका. डिजिटल बॉडी असेल तर शटर काउंट, म्हणजे शटर आजवर किती वेळा उघडलंय, ते विचारा. जुन्या फिल्म कॅमेऱ्याला 1.35 व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागत होता का, हेही शोधा. तो आता मिळत नाही, आणि 1.5 व्होल्टच्या सेलवर कॅमेऱ्यातले काही प्रकाशमापक मीटर चुकीचं रीडिंग देतात. सुपर ताकुमार 50 मिमी एफ 1.4 च्या काही लेन्स थोरियममिश्रित काचेमुळे पिवळ्या पडतात. इतर ग्राहक त्या बघून कचरतात, तुम्ही कचरू नका, अतिनील प्रकाशात ठेवल्यावर तो पिवळेपणा बराच उतरतो.

आता आपली कमाल रक्कम कागदावर लिहा, टपालखर्च आणि परदेशातून येणार असेल तर कस्टम्स ड्युटी धरून. ईबेसारख्या ठिकाणी ही कमाल रक्कम एकदाच भरायची असते, समोरच्यावर मात करण्यापुरतीच बोली आपोआप वाढते. मी शेवटच्या मिनिटापर्यंत थांबतो. लवकर बोली लावून इतरांना जागं का करायचं? हरलो तर हरलो, खपणाऱ्या मॉडेलची दुसरी प्रत बहुधा पुन्हा येतेच.

पार्सल उघडताना मोबाइलवर व्हिडिओ चालू असू दे. फोकस रिंग, अ‍ॅपर्चर, प्रत्येक शटर स्पीड त्याच दिवशी तपासा, सगळं ठीक असेल तर विक्रेत्याला चांगला अभिप्राय लगेच द्या. फिल्म कॅमेरा असेल तर मात्र अभिप्रायाची घाई नको, परतीची मुदत संपायच्या आत एक रोल काढून धुऊन घ्या. फाटलेल्या बेलोजमधून (लेन्समागच्या घडीच्या पडद्यातून) किंवा दाराच्या कडेच्या झिजलेल्या फोममधून आत शिरणारा प्रकाश निगेटिव्हवर दिसतो.